रांग सोडून तिसऱ्या देशात

परदेशात नोकरी असते, घर असते, कर वेळेवर भरलेला असतो. फक्त तिथे कायमचे राहता येईल की नाही, याचा निकाल वर्षानुवर्षे लागत नाही. अशा वेळी कुटुंबाने आपणहून तिसऱ्या देशाची वाट धरणे, हा मराठी माणसांच्या स्थलांतराचा एक वेगळा प्रकार आहे. हद्दपारीचा हुकूम निघालेला नसतो, दंगल किंवा दुष्काळ पाठीशी लागलेला नसतो. कागद अपुरा असतो आणि तो कधी पुरा होईल हे सांगणारे कोणी नसते. आज हे मुख्यतः अमेरिकेतून कॅनडाला जाणाऱ्या संगणक अभियंत्यांच्या घरांत घडते. त्याची मुळे मात्र शंभर वर्षे मागे जातात.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेचे नागरिकत्व घेण्याचा हक्क कायद्याने फक्त ‘गोऱ्या’ व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना होता. भारतीय गोऱ्यांत मोडतात की नाही, यावर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळे निकाल दिले आणि त्या फटीतून काही भारतीय नागरिक झाले. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना तो हक्क नाही असे ठरवले. सरकार तेवढ्यावर थांबले नाही. आधी रीतसर दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्यासाठी त्याने खटले भरले. कॅलिफोर्नियात नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परकीयाला शेतजमिनीची मालकी मिळत नसे. त्यामुळे नागरिकत्व गेले की जमीनही धोक्यात येई.

कॅलिफोर्नियातील वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. त्यांच्यावरही खटला आला आणि त्यांनी तो स्वतः लढवला. या नागरिकत्वावर विसंबून आपण वकिलीची सनद घेतली, मालमत्ता केली, लग्न केले. इतक्या वर्षांनी सरकारला शब्द फिरवता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकण्यास नकार दिला, आणि सरकारने असे इतर खटलेही सोडून दिले. पंडित टिकले ते कायदा जाणत होते म्हणून. पण तोवर अनेकांनी देश सोडला होता. १९४०च्या जनगणनेत संपूर्ण अमेरिकेत भारतीयांची संख्या अडीच हजारांच्या आसपास उरली होती. १९४६ मध्ये कायदा बदलून भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, तोही वर्षाला शंभर नव्या प्रवेशांच्या मर्यादेसह.

याच काळातले वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे आयुष्य महाराष्ट्राने अधिक आठवणीत ठेवायला हवे होते. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकले आणि ब्रिटिश सत्तेविरुद्ध १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत पुढे होते. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन आणि मॉस्को झाले. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे भारतात परतणे शक्य नव्हते आणि युरोपात क्रांतिकारकाला स्थिर ठाव नव्हता. १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको निवडले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रांत त्यांना स्थान दिले. देश स्वतंत्र झाल्यावरही जुन्या काळ्या यादीतले नाव आडवे आले. १९४९ मध्ये ते भारतात येऊ शकले आणि १९५५ मध्ये कायमचे परतले. १९६७ मध्ये नागपूरला त्यांचे निधन झाले. ज्या देशासाठी त्यांनी घर सोडले, त्याच्या दारात त्यांना स्वातंत्र्यानंतरही परवानगीसाठी थांबावे लागले, ही गोष्ट आजही मनाला लागते.

स्वातंत्र्यानंतरचा सर्वांत मोठा धडा पूर्व आफ्रिकेने दिला. केनियात गुजराती आणि पंजाबी लोकांच्या बरोबरीने गोमंतकीयांचीही मोठी वस्ती होती. सरकारी कचेऱ्यांतले कारकून, शिक्षक, शिंपी, आचारी अशी त्यांची ओळख होती. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि परदेशी वंशाच्या रहिवाशांना केनियाचे नागरिकत्व मागण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. बहुतेकांनी ब्रिटिश पासपोर्ट जवळ ठेवला. गोमंतकीयांचा पेच आणखी किचकट होता, कारण अनेकांचा कागद पोर्तुगीज होता आणि १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाल्यावर त्या कागदाचा अर्थच बदलला होता. १९६७च्या इमिग्रेशन कायद्याने नागरिक नसलेल्यांना कामाचा परवाना सक्तीचा झाला आणि तो ठरावीक मुदतीचा असे. कोणाची हकालपट्टी झालेली नव्हती, तरी विमाने भरून लोक लंडनला निघाले. ब्रिटिश संसदेने तीन दिवसांत नवा कायदा करून १ मार्च १९६८पासून आपल्याच पासपोर्टधारकांवर निर्बंध घातले आणि वर्षाला दीड हजार कुटुंबप्रमुखांपुरती व्हाउचरे ठेवली. बाकीचे केनियातच अडकून पडले किंवा कॅनडा, भारत असे पांगले. युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७३ मध्ये या कायद्यात वांशिक भेदभाव असल्याचे म्हटले. पण तोपर्यंत युगांडात इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना बाहेर काढले होते. केनियातून वेळेत निघालेल्यांचा अंदाज चुकला नव्हता.

अमेरिकेची दारे १९६५च्या कायद्याने उघडली. देशवार जुने कोटे गेले आणि डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ यांना जागा मिळाली. त्या पहिल्या पिढीला ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, तुलनेने लवकर मिळे. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९चे, तर अमेरिका-कॅनडातील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चे. मंडळे, गणेशोत्सव, नाटके उभी करणारी ती माणसे कागदाच्या बाजूने निर्धास्त होती. पुढच्या पिढीच्या वाट्याला ती निर्धास्ती आली नाही. त्याचे एक कारण महाराष्ट्रात घडले आणि दुसरे वॉशिंग्टनमध्ये.

महाराष्ट्रातले कारण नवी मुंबईतल्या सारसोळे गावाच्या शेजारी पाहता येते. सारसोळे हे नेरूळमधले खाडीकाठचे मूळ गाव, आगरी-कोळ्यांचे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग मोकळा होऊ लागला. गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. स्वतःच्या गावात, पिढीजात जमिनीवर राहूनही घराचा कागद पक्का नसणे म्हणजे काय, हे या गावांना कोणी परदेशातून येऊन सांगायची गरज नाही. परदेशाची वाट मात्र शिक्षणातून निघाली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि याच जमिनींवर वसलेल्या नेरूळमध्ये अशी महाविद्यालये आली. रामराव आदिक इन्स्टिट्यूट १९८३ची, तेरणा १९९१चे, एसआयईएसचे तंत्रज्ञान महाविद्यालय २००२चे. पुणे, सांगली, कोल्हापूर, अमरावतीकडेही हेच झाले. मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींना मोठ्या संख्येने अभियंता होता आले आणि सन २०००साठी संगणक-प्रणालींतल्या तारखा दुरुस्त करण्याच्या कामांनी त्यांना अमेरिकेत नेले.

वॉशिंग्टनमधले कारण म्हणजे १९९०चा कायदा. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डे आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला साधारण सात टक्के वाटा, म्हणजे ९,८००च्या आसपास. त्यात जोडीदार आणि मुलेही मोजली जातात. याच कायद्याने तात्पुरत्या नोकरीसाठीच्या आजच्या एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० ठेवली. त्या व्हिसावर देशवार मर्यादा नाही. आत येण्याचा दरवाजा सर्वांना सारखा रुंद आणि मुक्कामाच्या खोलीचा दरवाजा प्रत्येक देशासाठी अरुंद, अशी ही रचना. २००१ ते २००३ या तीन वर्षांत एच-वन-बीची मर्यादा १,९५,००० झाली, ग्रीन कार्डांची वार्षिक मर्यादा मात्र हलली नाही. भारतात जन्मलेल्यांची रांग तिथून लांबत गेली. २०००च्या कायद्याने ग्रीन कार्डाचा अर्ज मार्गी लागलेल्यांना एच-वन-बीची सहा वर्षांची मुदत संपल्यावरही व्हिसा वाढवून मिळण्याची सोय केली. ही सोय दयेपोटी होती, पण तिने तात्पुरता मुक्काम अनंत काळ लांबवण्याची वाट मोकळी केली.

रांगेत मोजला जातो तो जन्माचा देश, नागरिकत्व नव्हे. मराठी आईबापांचे मूल कुवेतमध्ये जन्मले असेल तर ते कुवेतच्या छोट्या रांगेत उभे राहते आणि त्याचा चुलत भाऊ ठाण्यात जन्मला म्हणून भारताच्या रांगेत. जोडीदाराच्या जन्मदेशाचाही आधार घेता येतो. प्रत्येक अर्जाला एक प्रायॉरिटी डेट मिळते आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज पुढे सरकले ते कळते. २०२४ मध्ये पदव्युत्तर दर्जाच्या नोकऱ्यांच्या वर्गात भारतासाठी ती तारीख २०१२ सालात होती.

जुलै २००७साठी जवळपास सर्व तारखा खुल्या झाल्याचे जाहीर झाले. हजारो कुटुंबांनी वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांची फी भरली. २ जुलैला घोषणा मागे घेतली गेली. तेव्हा भारतीयांनी ‘लगे रहो मुन्नाभाई’तली गांधीगिरी करत इमिग्रेशन खात्याच्या संचालकांकडे फुलांचे गुच्छ पाठवले. ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवण्यात आली आणि १७ जुलैला सरकारने निर्णय फिरवून अर्ज स्वीकारले. तारखा पुन्हा मागे गेल्या ते वेगळे.

या रांगेत घराचे जीवन कसे ठरते, हे पाहिल्याशिवाय निघून जाण्याचा निर्णय समजत नाही. एच-वन-बीधारकाबरोबर एच-फोर व्हिसावर आलेल्या जोडीदाराला, म्हणजे बहुतेक घरांत पत्नीला, नोकरीची परवानगी नव्हती. मे २०१५पासून, तीही ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचलेल्यांनाच, ती मिळू लागली. तोपर्यंत कित्येक उच्चशिक्षित स्त्रियांची कर्तृत्वाची वर्षे स्वयंपाकघरात आणि ग्रंथालयातल्या स्वयंसेवेत गेली. या हानीची भरपाई कोणत्याही कागदाने होणार नाही. नोकरी गेली तर नवी शोधायला ६० दिवस. गावी आईवडील आजारी पडले तर परत येताना व्हिसा स्टॅम्पिंग अडकेल ही धास्ती. आणि सर्वांत कठीण गोष्ट मुलांची. भारतात जन्मलेले, चार वर्षांचे असताना तिकडे गेलेले मूल २१ वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२च्या कायद्याने वय मोजण्यात थोडी सवलत दिली, ती इतक्या लांब रांगेला पुरत नाही. धाकटी बहीण तिकडे जन्मलेली म्हणून नागरिक, थोरला भाऊ विद्यार्थी-व्हिसाच्या शोधात, असे एका छताखाली घडते. देश बदलण्याचा निर्णय बहुतेक घरांत थोरल्या मुलाच्या वयाकडे पाहून होतो.

कॅनडाने १९६७ मध्येच गुणपद्धती आणली होती. जानेवारी २०१५ मध्ये ‘एक्स्प्रेस एंट्री’ सुरू झाली आणि वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण पाहून थेट कायम वास्तव्य, म्हणजे पीआर, मिळू लागले. जन्मदेशाची रांग नाही. पाच वर्षांत १,०९५ दिवस देशात राहिले की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. २०१७नंतर अमेरिकेत एच-वन-बीच्या अर्जांची छाननी कडक झाली, तसा हा ओघ वाढला. १६ जुलै २०२३ रोजी कॅनडाने अमेरिकेतल्या एच-वन-बीधारकांसाठी खास कामाचे परवाने खुले केले. दहा हजारांची मर्यादा दुसऱ्याच दिवशी संपली. लोक किती टेकीला आले होते, हे यापेक्षा स्पष्ट सांगणारा आकडा नाही.

या वाटेलाही वयाची अट आहे. वयाचे पूर्ण गुण विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत मिळतात, तिशीपासून ते घटत जातात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. म्हणून अमेरिकेच्या रांगेत पंधरा वर्षे थांबलेल्याची कॅनडाची संधीही दर वाढदिवसाला आक्रसते. जे गेले त्यांनी बहुधा पगारात तोटा सोसून मुलांचा कागद पक्का केला. काही जण पुणे, मुंबई, नवी मुंबईकडे परतले. २०२४ मध्ये कॅनडानेही हात आखडता घेतला आणि २०२५साठीचे पीआरचे उद्दिष्ट पाच लाखांवरून ३,९५,०००वर आणले.

अमेरिकेत देशवार मर्यादा उठवण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याचे वेगळे रूप मंजूर केले. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि ते बारगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागू झाले. १९९०च्या कायद्यातले १,४०,००० आणि सात टक्के हे दोन्ही आकडे मात्र तसेच आहेत.