शर्यतीतून हौसेकडे : एका स्टीअरिंग व्हीलचा प्रवास

हौशी मोटारींना शोभणारे छोटे, जाड पकडीचे स्टीअरिंग व्हील मूळचे शर्यतीतले. इटालियन शर्यतपटू जानपिएरो मोरेत्ती याने ते एका कारागिराकडून स्वतःच्या गाडीसाठी घडवून घेतले. जॉन सर्टीजने तसेच आपल्या फेरारीला बसवले आणि १९६४ साली फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले. मोरेत्तीच्या छंदाचा ‘मोमो’ हा व्यवसाय झाला.

ते अन्य गाडीला बसवायचे तर त्या गाडीचेच बॉस किट हवे. कारण दांड्यावरील दाते बनावटीगणिक निराळे असतात. व्यास घटल्याने स्टीअरिंग जड होते, ही गोष्ट जाहिरातींत सहसा आढळत नाही!

खरा प्रश्न छातीचा आहे. पूर्वी टकरीत ताठ दांडा चालकाच्या छातीवर आदळे. म्हणून अमेरिकेने १९६८ पासून आघात झेलणारी स्टीअरिंग-रचना सक्तीची केली. पुढे व्हीलमध्ये एअरबॅग आली. मूळ व्हील उतरवताना आज तीही उतरते.