ठाण्यातला कागद आणि आपला इतिहास

भंडारा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता. त्या काळी गावचा कोतवाल बहुधा महार असे. गावात कोण जन्मले, कोण मेले, चोरी कुठे झाली, ही खबर पायी चालत ठाण्यात पोहोचविणे हे त्याचे काम. ठाण्याच्या दप्तरातील कितीतरी नोंदी अशा रीतीने आपल्याच माणसांच्या पायांनी तिथवर गेल्या. परंतु ते दप्तर उघडून पाहण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता. खबर आणणारा एक आणि ती कागदावर काय म्हणून उतरवायची हे ठरविणारा दुसरा. अत्याचाराच्या इतिहासाचा विचार करताना ही विभागणी आपण विसरता कामा नये.

खैरलांजी हे मोहाडी तालुक्यातले गाव. २९ सप्टेंबर २००६ रोजी संध्याकाळी तेथे सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. त्या महिन्याच्या सुरुवातीला शेजारच्या धुसाळ्याच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली होती. तिच्या साक्षीदार सुरेखाबाई होत्या. त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे हत्याकांड घडले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. गाव आंधळगाव ठाण्याच्या हद्दीत येते. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने अकरापैकी आठ आरोपींना दोषी धरले, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ठरविली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा दोन्ही न्यायालयांत सिद्ध झाला नाही. चार बौद्ध माणसे मारली गेली, आणि निकालात जात नाही! भैयालाल २०१७ साली गेले, ते हा सल घेऊनच.

जात निकालातून कशी नाहीशी होते? न्यायाधीशाच्या मनाची चर्चा आपण पुष्कळ केली. ती करावीच. पण न्यायालयासमोर घटना जशीच्या तशी येत नसते, तिचे कागद येतात. पहिली खबर, ठाणे दैनंदिनी, पंचनामा, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल या क्रमाने घटना बांधली जाते. पहिल्या कागदात जे उतरले नाही ते पुढच्या पायरीवर 'मागाहून सुचलेले' ठरते. म्हणून मी म्हणतो की आपल्या लढ्याचे पहिले रणांगण ठाण्याचे टेबल आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. पण बाबासाहेबांनी त्याचा दावा १७ मार्च १९३७ पर्यंत, उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत, लढविला. तेथे स्पृश्यांना आपली वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. सत्याग्रह आणि पुरावा ही दोन्ही शस्त्रे त्यांनी आपल्या हाती दिली. आपण पहिले तेवढे मिरविले.

कार्यकर्ता म्हणून मी अनेकांबरोबर ठाण्यांच्या पायऱ्या चढलो आहे. 'प्रत उद्या मिळेल' हे वाक्य तेथे ठरलेले असते. कायदा मात्र उद्याचे बोलत नाही. अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मधील नियम ५ प्रमाणे तोंडी खबर लिहून घेऊन, वाचून दाखवून, सही घ्यायची आणि तिची प्रत तत्काळ व विनामूल्य द्यायची. ठाणेदाराने नोंद नाकारली तर तीच खबर टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठविता येते. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५अ ने पीडितांचा प्रतीचा हक्क आणखी पक्का केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला मोफत प्रत द्यावीच लागते.

बाकीच्या कागदांसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचे शुल्क लागते, आणि अर्ज एकाच विषयावर, साधारणपणे दीडशे शब्दांत लिहावा लागतो. माहिती कशाला हवी हे सांगावे लागत नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची. 'तपास चालू आहे' एवढ्यावर नकार देता येत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर असतो. केंद्रीय अन्वेषण विभाग २०११ पासून या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग यांच्या आरोपांपुरता त्याला अपवाद आहे. परंतु आंधळगाव ठाणे आणि भंडाऱ्याचे पोलीस अधीक्षक कार्यालय कक्षेतच आहेत.

याच कायद्यात कलम ८, पोटकलम ३ आहे. घटनेला वीस वर्षे झाली की देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे तीन अपवाद उरतात. बाकीच्या सबबी गळून पडतात. खैरलांजीची वीस वर्षे २९ सप्टेंबर २०२६ रोजी पूर्ण होतात. त्या महिन्याची ठाणे दैनंदिनी, धुसाळ्याच्या मारहाणीची कागदपत्रे, पोलिसांच्या खात्यांतर्गत चौकशीचे अहवाल, हे सारे मागण्याचा मार्ग त्या तारखेनंतर मोकळा होतो. पण जुने दप्तर मुदतीनंतर नष्ट करण्याचेही नियम असतात. म्हणून 'हे कागद जतन आहेत काय, नसल्यास कोणत्या आदेशाने नष्ट केले' हा प्रश्न अर्जात पहिला असावा. नाही असे उत्तर आले तरी तेही लेखी असेल, आणि इतिहासात जमा होईल.

भंडाऱ्यातील महाविद्यालयांत आपली मुले इतिहास शिकतात, शिकवितात. त्यांनी एकेका ठाण्याची अत्याचाराची प्रकरणे वाटून घ्यावीत, कागद मागवावेत, पीडितांची नावे उघड न करता गावोगावच्या जिवंत साक्षीशी ते ताडून पाहावेत. आपल्या माणसाने सांगितलेली खबर आणि दप्तरात उतरलेली खबर यांत किती अंतर पडले, ते मोजण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही.