ताण आणि हिसका

मंडळी, दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या क्रिकेट टूर्नामेंटमध्ये दुसरी रन चोरायला गेलो आणि माझं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, असं काही ओढलं गेलं की विचारू नका. तीन आठवडे पनवेल स्टेशनचा जिना कठडा धरून चढत होतो. बरं, मॅचआधी वॉर्मअप केला होता! शाळेतल्या पीटीच्या तासासारखा: एक-दोन, एक-दोन म्हणत वाकायचं आणि हिसके देत पायाचे अंगठे गाठायचे. फिजिओ म्हणाली, "हिसके कशाला देता? सावकाश ताणा आणि तिथेच थांबा."

हे 'सावकाश'चं शास्त्र आलं कुठून, म्हणून वाचायला बसलो. एक धागा निघाला थेट लोणावळ्यात. कळंबोलीला एक्स्प्रेसवे धरला की माझ्या घरापासून तासाभरावर!

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेला हा गडी पुढे योगाकडे वळला. पण नुसत्या श्रद्धेवर त्यांचं समाधान होईना. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासलं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. १९२४ मध्ये लोणावळ्यात 'कैवल्यधाम' सुरू झालं आणि हे प्रयोग छापणारं 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. आसन हळूहळू घ्यायचं, झटका द्यायचा नाही आणि स्थिर राहायचं, ही तिथली शिस्त.

गंमत म्हणजे त्याच १९२४ साली लिडेल आणि शेरिंग्टन या दोन शास्त्रज्ञांचा एक निबंध इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. स्नायू ताणला की तो प्रतिक्षिप्त क्रियेने उलटा आकसतो, हे त्यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. ताण जितका झटक्यात, तितका हा विरोध जास्त. म्हणजे आमचे पीटीचे हिसके! आपण स्नायूला म्हणतो "लांब हो", आणि तो घाबरून आखडतो.

पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट डीव्हरीजने दोन्ही पद्धतींची तुलना केली. लवचिकता दोन्हींनी साधारण सारखीच वाढली. पण संथ ताणात धोका कमी, म्हणून त्याने कौल दिला संथ ताणाला. हळूहळू जगभरच्या मैदानांवर खेळाडू पाय पसरून स्थिर बसलेले दिसू लागले.

इथे गोष्ट संपली असती तर आपण छाती फुगवून "आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" म्हणून मोकळे झालो असतो. पण २००० साली ऑस्ट्रेलियात १५३८ सैनिकांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. व्यायामाआधी स्ट्रेचिंग केल्याने दुखापती लक्षणीय कमी झाल्याच नाहीत. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला, तर लगेच नंतर त्याची ताकद थोडी घटते. लवचिकता वाढते तेव्हाही स्नायू लांब होण्यापेक्षा ताण सहन करायची आपली तयारी वाढलेली असते, असंही मोजमाप सांगतं. म्हणून आता खेळाआधी हलकं धावणं, पाय झुलवणं असा हालचालींचा वॉर्मअप, आणि लांबलचक संथ ताण नंतर किंवा वेगळ्या वेळी.

मग कुवलयानंद चुकले का? मला नाही वाटत. ते स्प्रिंट मारणाऱ्यांसाठी आसनं शिकवत नव्हते. उलट 'करून बघा, मोजून बघा' हा त्यांचाच हट्ट होता. त्याच हट्टाने पुढच्या लोकांनी संथ ताणालाही तपासलं.

असो. सध्या माझा बेत असा: मॅचआधी दहा मिनिटं पळापळ, रात्री घरी सतरंजीवर सावकाश पश्चिमोत्तानासन. अंगठे अजून चार बोटं लांब आहेत. पण हिसका देणार नाही.