प्रिमा पोर्ताचा ऑगस्टस : पुतळा बघायचा कसा, लिहायचा कसा

आज आपण एकच पुतळा घेऊन बसणार आहोत. शिल्पाचं दृश्य-विश्लेषण लिहायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे नियमांच्या यादीपेक्षा उदाहरणातून लवकर कळतं.

रोमच्या उत्तरेला प्रिमा पोर्ता नावाचं ठिकाण आहे. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिचा वाडा तिथे होता. १८६३ साली त्या वाड्याच्या उत्खननात हा संगमरवरी पुतळा निघाला. आज तो व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. उंची दोन मीटरहून थोडी जास्त.

आता हे सगळं क्षणभर विसरू आणि समोर दिसतं तेवढंच लिहू. एक तरुण पुरुष उभा आहे. भार उजव्या पायावर, डावी टाच उचललेली. उजवा हात वर, मान किंचित त्याच बाजूला वळलेली. छातीवर चिलखत आणि त्यावर कोरलेल्या आकृत्या. कमरेभोवती वस्त्र गुंडाळून डाव्या हातावर घेतलेलं. पाय अनवाणी. उजव्या पायाशी डॉल्फिनवर बसलेलं एक लहान मूल. वेरूळची शिल्पं बघितलेल्या आपल्या डोळ्याला एका पायावरचा भार लगेच कळतो. पण इथे आपल्या त्रिभंगासारखा बाक नाही, चिलखतामुळे धड बरंचसं ताठच राहतं.

एवढं कागदावर उतरलं, की मग 'का' विचारायचं. ते मूल का? याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. संगमरवर घोट्याशी मोडतो, म्हणून पायाला टेकू लागतो; हे झालं पाथरवटाचं कारण. दुसरं कारण घराण्याचं. ते मूल म्हणजे क्युपिड, व्हीनसचा मुलगा, आणि ज्युलियन घराणं स्वतःला व्हीनसचे वंशज म्हणवत असे. टेकू द्यायचाच होता, तर झाडाचा बुंधाही चालला असता. निवडला क्युपिड, म्हणून तो अर्थपूर्ण.

उभं राहण्याची ढब ग्रीक आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या पॉलिक्लिटसच्या 'भालाधारी' पुतळ्याशी ती ताडून बघा. तो मूळ ब्राँझचा पुतळा हरवला, रोमन प्रतींमधून आपल्याला माहीत आहे. चेहराही तसाच, ना वयाची खूण, ना थकवा. सुएटोनिअस या चरित्रकाराने ऑगस्टसचे दात विरळ आणि किडके होते असं लिहून ठेवलंय. उंचीचा आकडा त्याने ज्युलियस मॅराथस नावाच्या माणसाकडून घेतला. (मराठ्यांशी याचा काही संबंध नाही!) रोमन मापाने पाच फूट नऊ इंच, म्हणजे आजचे सुमारे १७० सेंटिमीटर. हा पुतळा त्याहून वीतभर तरी मोठा.

वर केलेल्या हाताकडे जरा थांबून बघू. बहुतेक पुस्तकांत छापलेलं असतं की सम्राट सैन्यापुढे भाषण करतोय. पण त्या हाताची बोटं बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली आहेत. पिएत्रो तेनेरानी या शिल्पकाराने ती दुरुस्तीच्या वेळी बसवली. मूळ हातात भाला किंवा आणखी काही असेल, असंही अभ्यासक म्हणतात. तेव्हा 'तो भाषण करतोय' हे वाक्य वर्णनात घालू नका. घालायचंच तर तो एक अर्थ आहे असं सांगून घाला. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण मुसोलिनीच्या राजवटीत याच पुतळ्याची ब्राँझ प्रत रोममधल्या नव्या हमरस्त्यावर उभी राहिली. हात उंचावलेला नेता त्या राजवटीला हवाच होता.

रंगाबद्दल थोडक्यात. सापडला तेव्हा पुतळ्यावर रंगाच्या खुणा होत्या. आपण ज्याला 'शुभ्र अभिजात शिल्प' म्हणतो ते मुळात रंगवलेलं होतं.

खरी गंमत आहे चिलखतावर. वर आकाशदेव आणि सूर्याचा रथ. खाली समृद्धीचं शिंग घेऊन पहुडलेली भूमाता. बाजूंना बसलेल्या खिन्न स्त्रिया म्हणजे जिंकलेले प्रांत. एकीच्या हातात रिकामं म्यान आहे. आणि बरोबर मध्यभागी, विजार घातलेला एक दाढीवाला गरुड बसवलेलं निशाण उंच धरतोय, समोर चिलखत घातलेली एक आकृती ते घ्यायला उभी आहे. घेणारा कोण यावर एकमत नाही. देणारा पार्थियन आहे, हे त्याच्या पोशाखावरून ठरतं.

इथे चित्राबाहेरची माहिती लागते. इसवी सनापूर्वी ५३ मध्ये कार्हे इथे पार्थियनांनी क्रॅससच्या सैन्याचा धुव्वा उडवला. प्लुटार्क २०,००० मेले आणि १०,००० कैद झाले असं सांगतो. निशाणंही गेली. इसवी सनापूर्वी २० मध्ये ऑगस्टसने ती वाटाघाटीने, दबाव आणून परत मिळवली. मोठी लढाई झाली नाही. म्हणजे चिलखतावर जे 'विजय' म्हणून मिरवतंय तो प्रत्यक्षात एक करार आहे. त्यावरून कालनिर्णयही होतो, कारण हे दृश्य त्या वर्षाच्या आधी कोणी कोरणं शक्य नाही.

आणि ते १०,०००? होरेस या कवीने करार होण्यापूर्वीच एका कवितेत, शत्रूच्या मुलींशी लग्नं करून तिकडेच म्हातारे झालेल्या क्रॅससच्या सैनिकांना दूषण दिलं होतं. कॅसिअस डिओ हा इतिहासकार लिहितो की निशाणांबरोबर कैदीही परत आले. काहींनी मात्र लाजेने जीव दिला, काही तिथेच लपून राहिले. तेहतीस वर्षं झाली होती हो! विशीत कैद झालेला पोरगा आता पन्नाशी ओलांडलेला. चिलखतावर कोरायला परतणारा एखादा कैदी निवडता आला असता. निवडलं निशाण. आमच्या मते या पुतळ्यावर निबंध लिहिणाऱ्याने ही निवड नोंदवलीच पाहिजे. मात्र ती वर्णनाच्या परिच्छेदात कोंबू नका. पुढे, डिओचं नाव घेऊन लिहा, म्हणजे दगडावरचं काय आणि पुस्तकातलं काय हे वाचणाऱ्याला वेगळं दिसेल.

आणखी एक, पाठीचा फोटो मिळवा. मागचं काम पुढच्याइतकं पूर्ण केलेलं नाही. पुतळा भिंतीशी पाठ लावून उभा करायचा होता, हा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.