चित्रांना चालावयास शिकविणारी शाळा

चित्र काढणे ही एक विद्या आहे आणि काढलेल्या चित्रास चालविणे ही दुसरी. पहिली ज्यास साधली त्यास दुसरी आपोआप येते, अशी समजूत पुष्कळ दिवस प्रचलित होती. हलत्या रेखाचित्रांचे जे चित्रपट, ज्यांस व्यवहारात कार्टून म्हणतात, त्यांचा इतिहास पाहू गेल्यास ही समजूत किती पोकळ होती हे ध्यानात येते. ती दूर करण्याचे श्रेय मुख्यतः एका विलक्षण शाळेकडे जाते. अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात, एका चित्रपट कारखान्याच्या आवारातच, ही शाळा इ. स. १९३२ मध्ये सुरू झाली. तिचा वर्ग कधी रात्री दिव्यांच्या उजेडात भरे, तर कधी भर दिवसा प्राणिसंग्रहालयातील पिंजऱ्यांसमोर. तिच्या विद्येचा एक धागा पुढे मुंबईपर्यंत येऊन पोहोचला.

ह्या शाळेची गरज का उत्पन्न झाली हे समजण्यासाठी त्या धंद्याची रीत थोडी जाणून घेतली पाहिजे. बोलपटाची फीत पडद्यावर दर सेकंदास २४ चौकटी ह्या वेगाने सरकते, म्हणजे एका मिनिटास १,४४० चौकटी होतात. एकच रेखाचित्र दोन दोन चौकटींस वापरले तरी मिनिटाच्या खेळासाठी ७२० चित्रे लागतात. प्रमुख चित्रकार हालचालीच्या मुख्य अवस्था रेखाटतो आणि दोन अवस्थांच्या मधली चित्रे त्याचे साहाय्यक भरून काढतात. आरंभीच्या काळात ह्या चित्रांतील पात्रांचे हातपाय रबराच्या नळीसारखे कसेही लांबत आणि वळत. त्यांस हाडे नव्हती, सांधे नव्हते व वजनही नव्हते. पाच-सात मिनिटांच्या विनोदास तेवढे पुरत असे. प्रेक्षक हसला म्हणजे काम झाले.

वॉल्ट डिस्ने ह्यांचा मिकी माउस १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’ ह्या बोलक्या लघुपटातून न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांसमोर आला आणि त्याचा मोठा बोलबाला झाला. परंतु यशाच्या भरातही डिस्ने ह्यांस आपल्या मंडळींचे उणे दिसत होते. त्यांचे बहुतेक चित्रकार वर्तमानपत्री विनोदचित्रांच्या वळणावर वाढलेले होते. त्यांची रेघ सफाईदार होती, पण माणूस खुर्चीतून उठताना त्याचे वजन कोणत्या पायावर येते, हे त्यांनी बारकाईने पाहिलेले नव्हते. नेल्बर्ट शुइनार्ड ह्या बाईंनी १९२१ साली लॉस एंजलिसमध्ये एक कलाशाळा काढली होती. तेथील रात्रीच्या वर्गांस डिस्ने आपल्या काही चित्रकारांना पाठवू लागले. स्वतःच्या मोटारीतून ते त्यांस तेथे पोहोचवीत असत.

पुढचे पाऊल मालकाने टाकले नाही, एका नोकराने टाकले. आर्ट बॅबिट नावाच्या तरुण चित्रकाराने १९३२ साली आपल्या राहत्या घरी सहकाऱ्यांस जमवून, नमुन्यास माणूस बसवून, संध्याकाळी रेखाटनाचा परिपाठ सुरू केला. पाहता पाहता ह्या मेळाव्यास गर्दी होऊ लागली. ही बातमी डिस्ने ह्यांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी हे काम स्टुडिओतच करावे असे सुचविले आणि खर्चाचा भार उचलला. शुइनार्ड शाळेतील शिक्षक डॉन ग्रॅहम ह्यांस पाचारण झाले, आणि १५ नोव्हेंबर १९३२ रोजी स्टुडिओतील वर्ग रीतसर सुरू झाला. ग्रॅहम तेव्हा तिशीच्या आतले होते. मानवी देह रेखाटण्यात ते निष्णात होते, पण चित्रे चालविण्याचा अनुभव त्यांस नव्हता. म्हणून दिवसा ते चित्रकारांच्या टेबलांशी जात, त्यांच्या अडचणी समजावून घेत, आणि रात्री त्याच अडचणी वर्गात मांडीत. शिष्यांबरोबर गुरूही शिकत होता, हेच ह्या वर्गाचे खरे बळ ठरले.

सामान्य कलाशाळेत नमुन्याचा माणूस दीर्घकाळ निश्चल बसतो आणि विद्यार्थी छायाप्रकाश रेखीत राहतो. येथे तेवढ्याने भागत नसे. चटकन काढलेल्या रेखाटनांस येथे मोठे महत्त्व होते. नाक-डोळे राहिले तरी चालतील, पण देहाचा झोक आणि जोर कोणत्या दिशेस आहे हे रेघेत उतरलेच पाहिजे, असा आग्रह असे. ह्याच्याच जोडीला क्रियेच्या पृथक्करणाचे वर्ग निघाले. धावत्या, उडी मारणाऱ्या किंवा ओझे उचलणाऱ्या माणसाची फीत पडद्यावर सावकाश, चौकटीमागून चौकट दाखवावयाची आणि कोणत्या क्षणी कोणता अवयव आधी हलला ह्याची चर्चा करावयाची, असा तो क्रम होता. स्टुडिओपासून जवळच ग्रिफिथ पार्कमध्ये १९१२ सालापासून एक प्राणिसंग्रहालय होते. ग्रॅहम विद्यार्थ्यांस कागद-पेन्सिलीसह तेथे नेत. सिंह काही चित्रकारासाठी थांबत नाही. तो फेऱ्या घालतो, वळतो, आडवा होतो. एक रेखाटन अर्धे होते न होते तोच दुसरे सुरू करावे लागते. अशा दहा अर्धवट चित्रांतून जे हाती लागते ते एका पूर्ण चित्रातून लागत नाही, हे विद्यार्थ्यांस अनुभवाने पटले.

१९३५ च्या डिसेंबरात डिस्ने ह्यांनी ग्रॅहम ह्यांस एक लांबलचक पत्र लिहून शिक्षणाची दिशा आखून दिली. त्यातील मुख्य मुद्दा आजही विचार करण्याजोगा आहे. खऱ्या हालचालीचा अभ्यास करावयाचा तो तिची हुबेहूब नक्कल करण्यासाठी, असा काही चित्रकारांचा ग्रह झाला होता. डिस्ने ह्यांनी तो खोडून काढला. व्यंगचित्राचे पहिले कर्तव्य म्हणजे जीवनाची अतिशयोक्ती करणे होय. परंतु जे मुळात नीट पाहिलेच नाही, त्याची अतिशयोक्ती तरी कशी करणार? सत्य ठाऊक असेल तरच ते ताणता येते, असा त्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता.

ह्या तपश्चर्येचे पहिले मोठे फळ म्हणजे ‘स्नो व्हाइट आणि सात बुटके’ हा बोलपट. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजलिसमध्ये तो प्रथम दाखविण्यात आला. ८३ मिनिटांच्या ह्या चित्रपटास सुमारे १५ लक्ष डॉलर खर्च आला होता. एवढा वेळ कार्टून पाहावयास कोण बसणार, अशी चेष्टा करणाऱ्यांची तोंडे बंद झाली. राजकन्येच्या शवाभोवती बुटके अश्रू ढाळतात त्या प्रसंगी प्रेक्षकही गहिवरले. रबरी नळीच्या हातापायांनी हे कधीच साधले नसते.

तथापि त्यातील हरणे भरलेल्या पोत्यांसारखी दिसतात, अशी टोचणी खुद्द त्या चित्रकारांसच पुढे लागली. म्हणून ‘बँबी’ ह्या अरण्यकथेच्या वेळी नवी तयारी झाली. मेन प्रांतातून हरणाची दोन जिवंत पाडसे स्टुडिओत आणून ठेवण्यात आली. चित्रकार त्यांस चरताना, अडखळताना, कान टवकारताना पाहून रेखाटने करीत. प्राण्यांच्या शरीररचनेचे जाणकार रिको लेब्रन हे शिकविण्यास आले. त्यांनी एका मृत पाडसाचे कातडे, स्नायू व सांधे क्रमाक्रमाने उकलून दाखविले. दिवसागणिक दुर्गंधी वाढत गेली आणि विद्यार्थ्यांची संख्या घटत गेली, पण जे टिकले त्यांस हरणाचा पाय कोठे वाकतो व कोठे वाकत नाही हे कायमचे उमगले. चीनमध्ये जन्मलेले चित्रकार टायरस वाँग ह्यांनी प्राचीन चिनी निसर्गचित्रांच्या धर्तीवर त्या अरण्याचे धूसर, सूचक रूप सुचविले. ऑगस्ट १९४२ मध्ये हा चित्रपट प्रकाशित झाला.

परंतु त्यापूर्वीच ह्या शाळेच्या छपराखाली भेग पडली होती. स्टुडिओ वाढला तशी वेतनातील तफावतही वाढली. मधली चित्रे भरणाऱ्या आणि शाई-रंगाचे काम करणाऱ्या मंडळींस अल्प वेतनावर राबावे लागे. त्यांनी संघटनेची मागणी केली, तेव्हा उत्तम पगार घेणाऱ्या बॅबिट ह्यांनी त्यांची बाजू उचलून धरली. १९४१ च्या मे महिन्यात डिस्ने ह्यांनी बॅबिट ह्यांस कामावरून काढले आणि लगेच संप पुकारला गेला. ज्याच्या घरी हा वर्ग जन्मास आला तोच आता स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभा होता. संप काही आठवडे चालला आणि अखेर संघटनेस मान्यता मिळाली. कायद्याने बॅबिट ह्यांस परत घेणे मालकास भाग पडले, पण ते तेथे फार काळ राहिले नाहीत. ज्यांनी शेजारी बसून एकाच पाडसाची रेखाटने केली त्यांच्यात कायमचा दुरावा आला. हाताखालच्या माणसास शिकवून मोठे करावे, पण त्याने बरोबरीने बोलू नये, ही अपेक्षा टिकणारी नव्हती. शिक्षणाने माणसाची नजर उघडते, आणि उघडलेली नजर केवळ हरणाच्या सांध्यांपाशीच थांबत नाही.

आता मुंबईकडे वळावयाचे. चौकटीमागून चौकट घेऊन निर्जीव वस्तूस चालविण्याची युक्ती महाराष्ट्रास अपरिचित नव्हती. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट ह्याच युक्तीने केला होता. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली ‘जंबूकाका’ हे कार्टून काढले. उत्साह होता, कल्पकताही होती. उणीव होती ती पद्धतशीर शिक्षणाची. भारत सरकारचा फिल्म्स डिव्हिजन हा विभाग १९४८ साली मुंबईत स्थापन झाला. त्याच्या व्यंगचित्र शाखेतील मंडळींस शिकविण्यासाठी १९५६ साली क्लेअर वीक्स हे अमेरिकन चित्रकार आले. ते भारतातच, एका मिशनरी कुटुंबात जन्मले होते. डिस्ने ह्यांच्या स्टुडिओत त्यांनी बरीच वर्षे काम केले होते, आणि ‘बँबी’च्या चित्रकारांत त्यांचा समावेश होता.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ साली जो चित्रपट सिद्ध झाला तो ‘द बन्यन डिअर’, म्हणजे न्यग्रोधमृगाची जातककथा. गाभण हरिणीच्या जागी स्वतःची मान पुढे करणारा मृगराज हा तिचा नायक. जातककथा चितारण्याची परंपरा अजिंठ्याच्या भिंतींवर अनेक शतकांपूर्वी रुजली होती. तीच कथा आता चालती झाली, आणि तिच्या मागे ‘बँबी’च्या चित्रशाळेत वावरलेला हात होता. वीक्स ह्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांत राम मोहन हे एक होत. विज्ञानाचा हा विद्यार्थी पुढे भारतीय ॲनिमेशनचा अध्वर्यू म्हणून ओळखला गेला. युगो साको ह्या जपानी निर्मात्याबरोबर १९९२ साली पूर्ण झालेल्या रामायणपटाच्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. २०१४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मुंबईत ॲनिमेशन शिकविणारी संस्था काढली. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

अमेरिकेतही ती विद्या हातोहात पुढे गेली. शुइनार्ड बाईंची शाळा १९६१ साली एका संगीतविद्यालयाशी जोडली जाऊन कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स ही संस्था उदयास आली. बॅबिट ह्यांनी १९७३ साली लंडनमध्ये रिचर्ड विल्यम्स ह्यांच्या स्टुडिओत जाऊन तेथील चित्रकारांस धडे दिले.

आज मधली चित्रे भरण्याचे पुष्कळसे काम यंत्र करते. परंतु पहिली आणि शेवटची अवस्था कोणती, ओझे उचलण्यापूर्वी पाठ किती वाकते, भ्यालेले पाडस पळण्याआधी क्षणभर का थबकते, हे अजूनही माणसासच ठरवावे लागते. म्हणूनच ॲनिमेशनच्या चांगल्या कार्यशाळांतून आजही विद्यार्थ्यांच्या हाती प्रथम साधी वही दिली जाते आणि त्यांस बाजारात, बागेत, स्थानकावर नेऊन बसविले जाते. तेथे कोणी त्यांच्यासाठी थांबत नाही. पाहता पाहता काढावयाचे आणि काढता काढता पाहावयाचे, एवढाच त्या शिक्षणाचा पहिला पाठ आहे.