एका पतंगाची दोन नावे

गोरेगावात पहिला दमदार पाऊस झाला, की रस्त्यावरच्या दिव्याखाली एखादा तळहाताहून मोठा पतंग येऊन बसतो. तीस वर्षांपूर्वी माझ्या वहीत मी असे दोन पतंग दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवले होते. एक विटकरी, पिसासारख्या रुंद मिशांचा. दुसरा थोराड, पिवळसर. दोघांच्याही चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक डोळा. पुढच्या पावसाळ्यात ऐनाच्या फांदीवर ते जोडीने दिसले, तेव्हा चूक कळली. ते एकाच जातीचे नर आणि मादी होते : आपला टसरचा, म्हणजे कोशाचा पतंग.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, नावांच्या घोळाला मोठी परंपरा आहे. लिनियसने 1758 मध्ये 'पाफिया' हे नाव दिले. लंडनचा चांदीचा कारागीर आणि कीटकसंग्राहक ड्रू ड्रुरी याने 1773 मध्ये 'मिलिट्टा' दिले. ह्यूब्नरने 1819 मध्ये 'अँथेरिया' ही प्रजाती स्थापली. तरीही रॉक्सबर्गने बंगालच्या टसरवर लिहिलेल्या, 1804 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात 'पाफिया'च वापरले. आज टसरसाठी 'अँथेरिया मिलिट्टा' हे नाव रूढ आहे. गंमत अशी, की पाफिया म्हणजे पाफोसची अफ्रोडायटी, आणि हिरोडोटसच्या मते मिलिट्टा हे तिचेच असिरियन नाव. भांडण दोन नावांचे, देवी मात्र एकच.

रॉक्सबर्गचे मला मोल वाटते ते वेगळ्या कारणाने. अळी बोरीवर आणि आसनावर जगते, हे त्याने नोंदवले. आसन म्हणजे आपला ऐन. ड्रुरीसमोर टाचणीला टोचलेला पतंग होता. त्याला हे झाड दिसणे शक्यच नव्हते.

आमच्याकडे हा पतंग पानगळीच्या जंगलातला. ऐन आणि अर्जुन ही त्याची मुख्य झाडे. अळी चार वेळा कात टाकते आणि टणक कोष विणते. कोषाला देठ असतो आणि तो फांदीभोवती कड्यासारखा घट्ट बसतो. म्हणून पाने गळाली तरी कोष पडत नाही. हिवाळा-उन्हाळा त्यात काढून पतंग पावसात बाहेर येतो. त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. थोड्या दिवसांत जोडी, अंडी आणि मरण.

शास्त्रज्ञांनी या एका जातीतही प्रदेशानुसार वाण ओळखले आहेत. डाबा, रैली, मोडल यांच्या यादीत एक नाव 'भंडारा' आहे. गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पतंगाला त्याची खबर नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोसा पाळणाऱ्या ढिवरांच्या हातांनी हा वाण जपला. कोणत्या झाडावर अळी सोडायची, कोणते कोष बियाण्यासाठी राखायचे, हेही वर्गीकरणच होते. फक्त ते लॅटिनमध्ये लिहिले गेले नाही.

म्हणून नावाचा वाद मला आता दुय्यम वाटतो. बाहेरचे बियाणे इथल्यात मिसळत गेले आणि ऐन तुटत गेला, तर 'भंडारा' हा शब्द यादीत राहील आणि पतंग राहणार नाही. संग्रहालयातल्या नमुन्याला टाचणी पुरते. जिवंत वाणाला ऐनाचे झाड लागते, आणि त्याखाली पाखरे हाकत बसलेला माणूसही.