वेरूळच्या वाटाड्याची साक्ष

प्राचीन स्थळी सकाळी जावे, माहीतगार मनुष्य बरोबर घेऊन ते पाहावे व सायंकाळी परतावे, ही चाल मोटारींबरोबर आली असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. इ. स. १३०६-०७ च्या सुमाराच्या स्वारीचे वर्णन करताना फिरिश्ता सांगतो की, मुसलमानी फौजेतील सुमारे तीनशे लोक सरदाराची परवानगी काढून वेरूळची लेणी पाहावयास गेले, आणि तेथेच देवगिरीकडे निघालेल्या देवलदेवीच्या मंडळींशी त्यांची गाठ पडली. फिरिश्ता ह्या प्रसंगानंतर तीनशे वर्षांनी लिहीत आहे. सबब तपशील जपूनच घेतला पाहिजे. तथापि त्याच्या काळी तरी लेणी पाहण्यासाठी वाट वाकडी करणे कोणास अस्वाभाविक वाटत नव्हते, एवढे अनुमान त्यावरून खास निघते.

जेथे पाहणारे येतात तेथे सांगणाराही उत्पन्न होतो. त्या सांगणाऱ्याच्या, म्हणजे वाटाड्याच्या, बोलण्यास इतिहासात किती किंमत द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो हाती घेण्यास एक खासगी कारण घडले, ते प्रथम सांगतो.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक शाळेतील मुलांस घेऊन एका दिवसाच्या सहलीसाठी वेरुळास गेला होता. कैलासाच्या प्रांगणात एक वृद्ध वाटाड्या मुलांस कथा सांगू लागला. राजाचे दुखणे बरे व्हावे म्हणून राणीने देवास देऊळ बोलले. राजा बरा होताच, देवळाचे शिखर पाहीन तेव्हाच अन्न घेईन, असा तिने हट्ट धरला. सारे कारागीर हरले. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला. त्याने काम शिखरापासून आरंभिले आणि आठवड्याच्या आत राणीस शिखर दाखविले. कथा येथवर आली असता मी त्यास थांबविले व टिपणवहीतून कृष्णराजाचे नाव आणि ताम्रपटाचा शक मुलांस उतरवून घेण्यास सांगितले. म्हातारा रागावला नाही. तो इतकेच म्हणाला, "गुरुजी, राजाचं नाव तुम्ही म्हणता तेच असंल. पण शिखर आधी केलं, हे काही खोटं नाही."

आता पुराव्याकडे वळू.

(१) बडोद्यास सापडलेला, गुजराथ शाखेच्या कर्कराजाचा शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२ चा ताम्रपट प्रसिद्धच आहे. एलापुराच्या डोंगरावर कृष्णराजाने केलेले मंदिर पाहून विमानातून जाणारे देवही विस्मित झाले, आणि आपण हे कसे घडविले असा अचंबा खुद्द शिल्पकारासही वाटला, असा त्यातील श्लोकांचा भावार्थ आहे. हे वर्णन कैलासाचेच होय, हे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी १८८३ साली दाखवून दिले. सारेच काम एका कारकिर्दीतील नसावे, असे अलीकडील अभ्यासकांचे मत आहे. परंतु मुख्य मंदिराचा काळ आठव्या शतकाचा उत्तरार्ध होय, ह्यास त्याने फारशी बाधा येत नाही.

(२) पुण्याच्या दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट ह्याने इ. स. १७९४ च्या सुमारास वेरूळ पाहिले व स्थानिक माहीतगारांचे म्हणणे लिहून ठेवले. मुसलमान माहीतगाराच्या मते लेणी एलू राजाने सुमारे ९०० वर्षांपूर्वी कोरविली. हिंदू माहीतगाराच्या मते ती एलिचपूरच्या एलू राजाने ७८९४ वर्षांपूर्वी कोरविली. त्याने द्वापराची उरलेली ३००० वर्षे आणि कलीची गेलेली ४८९४ वर्षे अशी बेरीज सांगितली. कैलास त्या वेळी सुमारे एक हजार तीस वर्षांचा होता. म्हणजे पहिल्याची चूक सव्वाशे वर्षांची, तर दुसऱ्याची जवळजवळ सात हजार वर्षांची. दोघांचा राजा मात्र एकच. तो ताम्रपटात नाही.

(३) कोकसाची कथा त्या वृद्धाने रचलेली नव्हती. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधीवरील कृष्ण याज्ञवल्की ह्याच्या कथाकल्पतरूत ती आली आहे. राजा एलच, राणीच्या नावावरून देवास माणकेश्वर हे नाव पडले असे तेथे सांगितले आहे. सहलीनंतर कित्येक वर्षांनी ही कथा माझ्या वाचनात आली, तेव्हा जी गोष्ट मी मुलांसमोर तोडली, ती निदान चारशे वर्षे ह्या प्रांतात नांदत होती, हे कळून चुकले.

आता प्रत्यक्ष वास्तू पाहा. डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मध्ये प्रचंड शिळा सुटी केली आणि ती वरून खाली कोरीत नेली. प्रांगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागील कडा १०७ फूट उंच आहे. अशा कामात शिखर प्रथम व जोते शेवटी, ह्याखेरीज दुसरा क्रम संभवत नाही. ताम्रपट शिल्पकाराचा विस्मय सांगतो, त्याची रीत सांगत नाही. रीत सांगितली ती कथेने. राणीचा हट्ट हा त्या रीतीचा लोकांनी लावलेला अर्थ आहे. अर्थ काल्पनिक असेल, पण ज्याचा अर्थ लावावयाचा ती वस्तू खरी आहे.

लेण्यांच्या रूढ नावांसही हाच न्याय लावता येतो. दहाव्या लेण्यास लोक सुताराची झोपडी म्हणतात, आणि सुतार मंडळी तेथील बुद्धमूर्तीस विश्वकर्मा मानून पूजीत असत. मूर्तीची ओळख चुकली. परंतु छताच्या दगडी फासळ्या लाकडी बांधणीचे अनुकरण आहेत, हे त्या कारागिरांच्या नजरेने अचूक टिपले. उलट अकराव्या लेण्याचे 'दोन ताल' हे नाव पाहा. त्याचा तळमजला मातीत गाडला गेला होता. तो १८७६ साली मोकळा झाला आणि मजले तीन भरले, तरी नाव तेच राहिले. तेव्हा वाटाडे म्हणतात ते सर्व खरे, असेही कोणी समजू नये.

तात्पर्य, कर्ता व काल ह्यांविषयी लेख आणि ताम्रपट प्रमाण. घडणीची रीत व लोकांची समजूत ह्यांविषयी कथाही साक्षीस बोलवावी. साक्षीदार एका प्रश्नास चुकला म्हणून त्याची सबंध जबानी फेकून देणे न्यायास धरून नाही.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, ही जबानी आपल्यादेखत नाहीशी होत आहे. एका दिवसाच्या फेरीत वेरूळची चौतीस लेणी, घृष्णेश्वर, खुलदाबाद, देवगिरीचा किल्ला आणि छत्रपती संभाजीनगरातील मकबरा एवढे उरकावयाचे असते. कैलासाच्या वाट्यास जेमतेम तास येतो. घाईत प्रथम गळते ती कथा. उरतात ते आकडे, आणि हे मनुष्याचे कामच नव्हे अशा नव्या वावड्या. जुन्या कथेत निदान पैठणच्या एका कारागिराचे नाव होते. नव्या वावडीत कारागीरच नाही.

सहली नेणाऱ्या शिक्षकांस व अभ्यासकांस विनंती आहे की, वाटाड्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे आणि ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. कोणत्या लेण्यापाशी सांगितले, कोणत्या दिवशी, सांगणाराचा गाव कोणता व त्याने ते कोणाकडून ऐकले, एवढे टिपण पुरे. मॅलेटने तेवढेच केले, म्हणून सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी आपणांस त्या दोघांची परीक्षा करता आली.

कथाकल्पतरू वाचल्यावर मी पुन्हा वेरुळास गेलो व त्या वृद्धाची चौकशी केली. तो वारला होता. त्याला इतर लेण्यांच्या काय काय कथा ठाऊक होत्या, हे मी त्या दिवशी विचारले नव्हते.